पेंढरकर बाईंची हात वर करण्याची पद्धत

मिरजेच्या एका कन्याशाळेत सुलेखा पेंढरकर यांनी चौदा वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि त्या चौदा वर्षांत त्यांना आवाज चढवावा लागला असं एकदाही झालं नाही, कारण तो मुळात चढलेलाच असायचा. एका वर्गात सत्तर मुली, शेजारी गाण्याचा तास, खिडकीखाली रिक्षास्टँड. अशा जागी पास्ट टेन्स शिकवायचा तर घसा हेच भांडवल. बाई वर्गात शिरायच्या आधी त्यांचा आवाज शिरायचा आणि मुली चिडीचूप व्हायच्या. भाजीवालीपासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळं गाव त्यांना पेंढरकर बाई म्हणायचं. त्यांचे यजमान सुधीरराव सुद्धा भांडण झालं की "बरं बाई" म्हणूनच माघार घ्यायचे.

२०१२ साली सुधीररावांना जर्मनीतल्या एर्लांगेनला नोकरी लागली. वैद्यकीय यंत्रं बनवणारी कंपनी, चांगलं काम, कंपनीनेच शोधून दिलेलं घर. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच. बाईंनी शाळेचा राजीनामा दिला, मुलींनी रडून गोंधळ घातला, निरोपाला शाल-श्रीफळ झालं, आणि तीन आठवड्यांनी बाई एर्लांगेनच्या एका बेकरीत काचेवर बोट टेकवून उभ्या होत्या. हा पाव. हा नाही, तो. तो पण नाही, त्याच्या मागचा. काउंटरपलीकडच्या मुलीने काहीतरी विचारलं. बाई "या, या", म्हणजे जर्मनमध्ये हो, हो, म्हणाल्या आणि पावाचे काप होऊन आले. त्यांना काप नको होते.

पुढची दोन वर्षं अशीच गेली. जर्मनचे दोन कोर्स झाले, पण ती भाषा बाईंच्या तोंडात बसेना. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं याचं मराठी माणसाला काहीच वाटायला नको, तरी तिथवर पोचेपर्यंत समोरचा माणूस बसमध्ये चढून गेलेला असायचा. त्यांची लेक देवश्री मात्र सहा महिन्यांत जर्मन झाली. मराठी सगळं समजायचं, उत्तर शक्यतो जर्मनमध्ये. तिच्या शाळेत पालकसभा असली की बाईंसाठी दुभाषी म्हणून तीच बसायची, आणि सभेत विषय तीच असायची. एकदा वर्गशिक्षक चांगली चार मिनिटं बोलले, मधे दोनदा त्यांनी कपाळावर हात मारला. देवश्री आईकडे वळून म्हणाली, "सगळं ठीक आहे म्हणतात."

"एवढंच? अगं, चार मिनिटं बोलत होते ते!"

"गेनाऊ, ममा, अगदी एवढंच. जर्मन लांब असते."

बाईंनी घरी येऊन सुधीररावांना सगळं सांगितलं. ज्या बाईने चौदा वर्षं इतरांच्या मुलींच्या थापा बसल्या जागी पकडल्या, तिला स्वतःच्या मुलीची एवढी ढळढळीत थाप पकडता येऊ नये, हे फार लागलं त्यांना. सुधीरराव म्हणाले, "अगं, होईल सवय." सवय होईल याचीच तर त्यांना भीती वाटत होती.

मग २०१४च्या ऑक्टोबरात तूरडाळ आणायला त्या आशियाई दुकानात गेल्या असताना दारावर एक चिठ्ठी दिसली. वर जपानी, खाली इंग्रजी. शनिवारच्या जपानी शाळेसाठी इंग्रजीचा सहायक शिक्षक पाहिजे, ताबडतोब. बाईंनी डाळ तिथेच ठेवली आणि चिठ्ठीच्या तळाचे फोन नंबरचे सगळे आठ कागद फाडून घेतले, म्हणजे दुसरा कोणी उमेदवार उरायला नको.

ही शनिवारची शाळा काय प्रकार आहे ते सांगितलं पाहिजे. नोकरीसाठी एर्लांगेन आणि आसपास आलेली जपानी कुटुंबं तीन-चार वर्षांनी परत जातात. परत गेल्यावर पोरं मागे पडू नयेत म्हणून आठवडाभर जर्मन शाळेत गेलेली ती बिचारी शनिवारी पुन्हा जपानी शाळेत जातात. एका जर्मन शाळेच्या तीन खोल्या त्यासाठी भाड्याने घेतलेल्या. सकाळी आल्याबरोबर पालक बाकांचे फोटो काढतात आणि दुपारी त्या फोटोबरहुकूम बाकं पुन्हा लावून जातात, म्हणजे सोमवारी तक्रार नको. कारभार पालकांची समिती बघते आणि समितीच्या प्रमुख होत्या निशिमुरा बाई. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या, आणि हातात नेहमी एक निळी वही. आधीचा सहायक मँचेस्टरचा एक तरुण होता, तो कोणाच्या तरी प्रेमात पडून आठ दिवसांच्या नोटिशीवर निघून गेला होता. त्यामुळे निशिमुरा बाईंपुढे मिरजेच्या पेंढरकर बाई सोडून पर्यायच नव्हता.

"मार्चअखेरपर्यंत," निशिमुरा बाई इंग्रजीत म्हणाल्या. जपानी शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. "पुढचं मग पालक ठरवतील."

वर्ग पाचवी-सहावीचा, मुलं अकरा. मुख्य शिक्षक हिराओका सर. जपानमध्ये बावीस वर्षं मास्तरकी केलेली, आणि आता बायकोच्या नोकरीपायी एर्लांगेनला आलेले. म्हणजे दोघांची गत एकच होती, पण हे कळायला बाईंना बरेच महिने लागले. हिराओका सरांचं व्याकरण चोख होतं. बोलायची वेळ आली की मात्र ते घाबरायचे, आणि घाबरले की घड्याळाकडे बघायचे. म्हणून तासाची आखणी ते मिनिटामिनिटाने लिहून आणत. पहिल्याच शनिवारी त्यांनी बाईंच्या हातात कागद ठेवला.

१०.०५ : सुलेखा सेन्सेई येतात. १०.०६ : सुलेखा सेन्सेई हसतात. १०.०७ : सुलेखा सेन्सेई 'गुड मॉर्निंग' म्हणतात. १०.१२ : सुलेखा सेन्सेई 'लायब्ररी' हा शब्द तीन वेळा म्हणतात.

सेन्सेई म्हणजे गुरुजी हे बाईंना कळलं होतं. पण १०.०७ ते १०.१२ या पाच मिनिटांत गुरुजींनी काय करायचं, ते कागदावर नव्हतं. त्यांनी विचारलं.

"उभं राहायचं," हिराओका सर नम्रपणे म्हणाले. "बाजूला."

सहायकाचं काम ते हे. मुख्य शिक्षक मध्ये, सहायक फळ्याच्या कडेला. मुख्य शिक्षकाने मान हलवली की सहायकाने शब्द म्हणायचा, पुन्हा मान हलवली की गप्प व्हायचं. टेपरेकॉर्डरला पाय फुटले तर तो जसा उभा राहील तसं. बाईंनी १०.०७ला "गुड मॉर्निंग!" म्हटलं आणि अकराच्या अकरा मुलं बाकासकट मागे सरकली. तास संपल्यावर हिराओका सर म्हणाले, "फार छान. पुढच्या वेळी ऐंशी टक्के." पुढच्या वेळी ऐंशी टक्के झालं. त्यानंतर साठ. नाताळच्या सुट्टीपर्यंत बाई चाळीस टक्क्यांवर आल्या होत्या आणि शनिवारी दुपारी घरी येऊन उरलेले साठ टक्के देवश्रीवर काढत होत्या.

पण खरं सांगायचं तर बाई फुलल्या होत्या. शुक्रवारी रात्री साडीला पिन लावून ठेवायच्या, शनिवारी एकही बस चुकायची नाही. मुलांना त्यांनी सांगून टाकलं होतं, मला बाई म्हणा. मुलांनी आदरापोटी त्याचं 'बाई-सेन्सेई' केलं. मधल्या सुट्टीत अकरा जण भोवती गोळा व्हायचे, आणि तेव्हा कागद नसायचा. पेन्सिल पाहिजे? इंग्रजीत माग. पाणी प्यायला जायचंय? इंग्रजीत सांग. "प्लीज टेल मी, बाई", "प्लीज गिव्ह मी, बाई" असली वाक्यं मिरजेच्या हेलात जपानी तोंडांतून यायची आणि बाईंना भरून यायचं. आपण पुन्हा कोणीतरी आहोत, असं त्यांना वाटायचं. आठवड्यातले सहा दिवस त्या या दोन तासांवर काढत होत्या.

एकच गोष्ट त्यांना समजत नव्हती. वर्गात कोणी हात वर करायचं नाही. हिराओका सर विचारायचे, कोणाला येतं? शांतता. येत असायचं, पण येतं असं दाखवणं बरं नाही आणि येत नाही असं दाखवणं त्याहून बरं नाही, म्हणून सगळे बाकाकडे बघत बसायचे. मिरजेत प्रश्न पुरा व्हायच्या आत सत्तर हात वर यायचे, त्यातल्या निम्म्यांना तर प्रश्नच माहीत नसायचा.

जानेवारीच्या शेवटी निशिमुरा बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. एप्रिलपासूनच्या जागेसाठी टोरांटोच्या एका तरुणाचा अर्ज आलाय, जन्मापासून इंग्रजी बोलणारा. काही पालकांना तो बरा वाटतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी पालकांसाठी उघडा वर्ग आहे, सगळे मागे उभे राहून तास बघतील. त्यानंतरच्या बैठकीत ठरेल. हे सांगताना त्या दोनदा कमरेत वाकल्या. बाईही दोनदा वाकल्या. वाकून का होईना, पण मला काढणार आहेत, हे बाईंना समजलं.

घरी आल्या आल्या त्या म्हणाल्या, "अहो, मला काढणार."

"अगं, अजून काढलं कुठे? आल्झो, आधी बघतील तर खरं," सुधीरराव म्हणाले. जर्मन कंपनीत राहून त्यांनाही 'तर मग'च्या जागी आल्झो म्हणायची खोड लागली होती.

"काय बघतील? मी कडेला उभी असते. कडेला उभं राहण्यात तो टोरांटोवाला माझ्यापेक्षा उंच असेल."

"दुसरं काहीतरी मिळेल गं."

"मला दुसरं नकोय," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बऱ्याच दिवसांनी शंभर टक्के लागला. "मला वर्ग पाहिजे. वर्गाबाहेर मी कोण आहे इथे? देवश्रीची आई, तीसुद्धा मुकी." सुधीरराव उठून चहा करायला गेले, आणि तेच त्यांनी बरं केलं.

त्या आठवड्यात बाईंनी मिरजेचा पेटारा उघडला. म्हणजे पेटारा डोक्यातलाच. शाळेची तपासणी असली, साहेब यायचे असले की त्यांच्या शाळेत एक हुकमी इलाज होता. साहेबांनी काहीही विचारलं तरी सगळ्या मुलींनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. साहेबांना दिसणार सत्तर हात, बाई उजव्या हातांतून एकीला उठवणार, ती खणखणीत उत्तर देणार, साहेब शेरा लिहिणार 'वर्ग उत्तम', आणि चहा-बिस्किटं घेऊन जाणार. चौदा वर्षांत एकदाही फसला नव्हता हा इलाज.

हिराओका सरांना त्यांनी तो शिक्षकांच्या खोलीत समजावला. दोघं टेबलाशी शेजारी शेजारी बसले होते. बाईंनी फसवणुकीचा भाग गाळला आणि ही एक भारतीय पद्धत आहे एवढंच सांगितलं. सरांना ती अतिशय आवडली. मुलाला न लाजवता कोणाला येतं नि कोणाला नाही हे शिक्षकाला कळतं! किती विचारपूर्वक, असं ते दोनदा म्हणाले. त्यांनी आखणीत लिहिलं : १०.२१, हात वर (भारतीय पद्धत). पुढे एक बाण काढला, उजवीकडे तोंड असलेला, आणि त्याच्याखाली 'येतं' असं लिहिलं. बाईंना जरा खुपलं. पण टोरांटो डोळ्यांपुढे आलं, आणि खुपणं थांबलं.

मुलांना शिकवायला दोन मधल्या सुट्ट्या लागल्या. मिरजेच्या मुलींना यातली गंमत लगेच कळायची, त्या खुदखुदायच्या. ही मुलं हसली नाहीत. निशिमुरा बाईंची मुलगी होनोका हिने तर वहीत लिहून घेतलं. उजवा : येतं. डावा : येत नाही. खाली तिने रेघ मारली.

उघड्या वर्गाच्या दिवशी मागच्या भिंतीला सतरा पालक उभे होते. बायका काळ्या-करड्या कपड्यांत, पुरुष सुटात, कोणी खोकतसुद्धा नव्हतं. सगळ्यांच्या पायांत घरून आणलेल्या सपाता. मिरजेत पालक म्हणजे निदान दोघं तरी दारातून मुलीला "सरळ बस गं" म्हणणार. बाईंनी अबोली रंगाची इरकल नेसली होती. १०.०६ला त्या हसल्या. १०.०७ला चाळीस टक्क्यांत गुड मॉर्निंग झालं. १०.१२ला पोस्ट ऑफिस तीन वेळा. धडा रस्ता विचारण्याचा होता. फळ्यावर एर्लांगेनचा नकाशा लावला होता, स्टेशन, वाडा, बाजार, पोस्ट.

१०.२१ झाले. हिराओका सरांनी खाकरून विचारलं, "हाऊ कॅन आय गो टु द पोस्ट ऑफिस?"

अकरा हात वर गेले.

मागच्या भिंतीतून एक श्वास आला. सतरा जणांचा मिळून एकच. बावीस वर्षांच्या मास्तरकीत सरांनी असं दृश्य पाहिलं नव्हतं, त्यांचे कान लाल झाले. त्यांनी कागदावरचा बाण बघितला. बाण उजवीकडे होता. त्यांनी मान वर करून आपल्या उजवीकडच्या बाजूला उठलेले हात बघितले आणि तिथेच घोळ झाला. टेबलाशी शेजारी बसून शिकलेलं उजवं-डावं, वर्गाकडे तोंड करून उभं राहिल्यावर उलटं होतं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. सरांच्या उजवीकडे दिसत होते ते मुलांचे डावे हात.

त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला उठवलं. तो उठला आणि गप्प राहिला. सर हसून थांबले. जपानी वर्गात मुलाला वेळ देतात, घाई करत नाहीत. अर्धं मिनिट गेलं. सरांनी त्याला बसवलं, कागद बघितला, बाण अजून उजवीकडेच होता. दुसरी मुलगी उठवली. डावा हात. गप्प. तिसरा, डावा, गप्प. उजवा हात वर केलेली चार मुलं खांदा भरून आला तरी बिचारी हात धरून बसली होती आणि त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. कागदाप्रमाणे कडेला उभ्या बाईंना १०.२६पर्यंत तोंड उघडायचं नव्हतं. त्यांनी सरांना कळावं म्हणून आपला उजवा हात हळूच वर करून हलवला. सरांनी बघितलं, कृतज्ञतेने मान हलवली, उजवीकडे म्हणजे उजवीकडेच अशी खात्री करून घेतली, आणि चौथी म्हणून होनोकाला उठवलं.

होनोका उभी राहिली. हात तिने खाली घेतला नव्हता. ती जपानीत काहीतरी म्हणाली, सावकाश आणि अदबीने. बाईंना जपानी येत नव्हतं, पण त्या वाक्याचा अर्थ त्यांना सरांच्या चेहऱ्यावर दिसला. सर, हा डावा हात आहे. डावा म्हणजे येत नाही.

भिंतीपाशी कुजबुज झाली. हिराओका सर पांढरे पडले, त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली, तिथेही काही नव्हतं. निशिमुरा बाईंनी निळी वही उघडली. संपलं सगळं, असं बाईंना वाटलं. आणि नेमकं त्याच वेळी चौदा वर्षांची सवय त्यांच्या परवानगीची वाट न बघता तोंडातून बाहेर आली. इंग्रजीच्या तासाला घरची भाषा बोललेलं त्यांनी कधीही खपवून घेतलं नव्हतं.

"इन इंग्लिश, होनोका!"

शंभर टक्के. खिडकीची काच थरथरली. मागचे दोन पालक एकमेकांना टेकले.

होनोकाने हात आणखी ताठ केला. "आय डोन्ट नो, बाई," ती खणखणीत म्हणाली, "प्लीज टेल मी!"

मग कसला कागद आणि कसलं काय. बाई तरातरा मध्ये आल्या. पदर खोचला, नकाशावर स्टेशनाशी बोट ठेवलं. "यू आर हिअर! नाऊ, गो स्ट्रेट!" होनोकाला बाहेर काढून तिला बाकांमधून चालवलं, बाकांचे रस्ते केले, खिडकी पोस्ट ऑफिस झाली. टर्न लेफ्ट, टर्न राइट. पहिल्या बाकावरचा मुलगा चुकून दाराकडे गेला तेव्हा सगळे "नो, नो, राइट!" म्हणून ओरडले. ओरडले म्हणजे खरंच ओरडले. हिराओका सर कडेला सरकले होते. बाईंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, आणि सर चक्क "गो स्ट्रेट" म्हणाले. तीन वेळा. तासाची घंटा होऊन बारा मिनिटं झाली तेव्हा पोस्टात पोचायची राहिलेली फक्त दोन मुलं होती, आणि तीही रांगेत होती.

तास संपला, मुलं गेली, आणि बाईंना भान आलं. सगळी आखणी पायदळी तुडवून, मुख्य शिक्षकाला कडेला ढकलून, पालकांसमोर आरडाओरडा करून त्यांनी टोरांटोचा रस्ता स्वतःच्या हाताने झाडून दिला होता.

बैठक लगेचच होती. या लोकांची एक रीत आहे. कुठलाही कार्यक्रम झाला की सगळे गोल बसतात आणि प्रत्येकाने आपलं स्वतःचं काय चुकलं ते सांगायचं असतं. दुसऱ्याचं नाही, आपलं. मिरजेत तपासणीनंतर बैठक व्हायची तीत प्रत्येकजण दुसऱ्याची चूक सांगायचा आणि शेवटी शिपायाची ठरायची. इथे हिराओका सर उठले आणि म्हणाले, माझी चूक, मला उजवं-डावं कळलं नाही. खोल वाकले. एक आई म्हणाली, माझी चूक, माझ्या सपाता करकरत होत्या. एक वडील म्हणाले, मी दोनदा हसलो. प्रत्येकाचं बोलणं सर बाईंच्या कानाशी हळू इंग्रजीत सांगत होते. मग निशिमुरा बाई उठल्या.

"माझी चूक अशी, की मी तास बघायच्या आधीच बुधवारी टोरांटोला पत्र पाठवलं, या म्हणून. होनोका जर्मन शाळेत दोन वर्षं सगळ्याला मान हलवते. शिक्षकांना वाटतं तिला सगळं समजतं. मला घरी ती काही सांगत नाही. आज सतरा मोठ्या माणसांसमोर ती म्हणाली, मला येत नाही, मला सांगा. आता मला टोरांटोला दुसरं पत्र लिहावं लागेल. ते फार अवघड जाईल." त्या वाकल्या आणि बसल्या.

सरांनी हे सांगून पुरं केलं तरी बाईंना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला, की उठून निशिमुरा बाईंना मिठी मारावी असं वाटलं. पण गोलात एकच माणूस उरलं होतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. आता त्यांची पाळी होती.

सांगण्यासारख्या सोज्वळ चुका पुष्कळ होत्या. आवाज मोठा झाला. वेळ पाळली नाही. त्यातली एखादी सांगून वाकलं असतं तर जागा खिशात होती. बाईंनी तोंड उघडलं ते त्यासाठीच. पण सपाता करकरल्या म्हणून त्या माउलीने एवढं मनापासून वाकावं, आणि आपण?

"माझी चूक," त्या म्हणाल्या, "ही भारतीय पद्धत वगैरे काही नाही. आमच्या शाळेत साहेब यायचे, त्यांना फसवायला आम्ही हे करायचो. सगळ्यांना सगळं येतं असं दिसावं म्हणून. मी आज तुम्हाला फसवायला निघाले होते. मला ही नोकरी जाऊ द्यायची नव्हती."

हिराओका सरांनी ते जपानीत सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. मग निशिमुरा बाईंनी विचारलं, रागाने नाही, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारतात तसं.

"साहेब गेल्यानंतर, डावा हात वर केलेल्या मुलींना तुम्ही ते उत्तर कसं शिकवायचा?"

बाईंनी आठवून बघितलं. साहेब गेले की चहा उरलेला असायचा, बिस्किटं उरलेली असायची. मुख्याध्यापिका शाबासकी द्यायच्या आणि शाळा अर्धा तास आधी सुटायची. तिसऱ्या बाकावर एक यमुना होती, उंच, दात पुढे असलेली. प्रत्येक प्रश्नाला तिचा डावा हात सगळ्यात आधी आणि सगळ्यात ताठ वर असायचा, आणि ती बाईंकडे बघून हसायची. आपला कट आहे म्हणून हसते असं बाई धरून चालल्या होत्या.

"नाही शिकवलं," बाई म्हणाल्या. "चौदा वर्षांत एकीलाही नाही विचारलं."

निशिमुरा बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्यावर सहीऐवजी आपला छोटा लाल शिक्का मारला. मग सगळे उठले आणि सकाळचे फोटो बघून बाकं जागच्या जागी लावू लागले. बाईंनीही एक बाक धरलं. दुसरं टोक निशिमुरा बाईंनी धरलं होतं. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सुट्टी आहे, दुसऱ्या शनिवारी दहा वाजता या, असं त्यांनी बाक खाली ठेवता ठेवता सांगितलं.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी बाईंनी फळ्यावर नवा प्रश्न लिहिला आणि हात वर करायला सांगितलं. हात मोजले. मग उजवे हात त्यांनी खाली घ्यायला लावले आणि खुर्ची ओढून डाव्या हातांजवळ जाऊन बसल्या.